गजूभाऊंची पोटरी

सौसरची सुचिता मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. वर्षभरात ती कामं आटली, तेव्हा तिनं टॅटू शिकायचं ठरवलं आणि पांढुर्ण्याला गजूभाऊंच्या दुकानात चकरा सुरू केल्या. भाऊ वर न बघताच "नाही" म्हणायचे. ती घरी परतायची, पण घरात तिला बसवत नसे. दोन दिवसांनी पुन्हा दुकानात हजर.

शेवटी एकदा तिनं टेबलावर पिशवी ओतली. वीस संत्री निघाली, आणि प्रत्येकाच्या सालीवर सुईनं गोंदलेला मोर. एकही रेघ हललेली नव्हती.

भाऊंनी त्यातलंच एक संत्रं सोललं. "याले दुखते का वं?"

"मग माणूस कुठून आणू, भाऊ? शिकल्याशिवाय कोण हात देते मले?"

भाऊंनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय स्टुलावर ठेवला. पोटरीवर चार वेड्यावाकड्या रेघा होत्या.

"हे काय?"

"माह्याजवळ शिकलेली पोरं. पहिली रेघ सगळ्यांनी इथंच मारली." त्यांनी पोटरी स्पिरिटनं पुसली आणि मशीन तिच्या हातात दिलं. "मार."

सुई टेकताच पाय थरारला. इंचभर रेघेत ती दोनदा घसरली. रक्ताचे बारीक थेंब वर आले. सुचिताचे डोळे भरले. "चुकली, भाऊ. आता पुसता पण येत नाही."

भाऊंनी वाकून रेघ नीट बघितली.

"पाचही जणांत सगळ्यात वाकडी तुहीच हाय," ते म्हणाले. "उद्या दहा वाजता ये."