तपासनिसाचा फॉर्म

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उत्तरेश्वररावांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. जराशी शंका आली की अख्खी पेटी बाजूला. मग समोर साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप!

निवृत्तीनंतर मुलाच्या आयटी कंपनीने आईवडिलांची आरोग्य तपासणी फुकट देऊ केली, म्हणून सून नम्रता त्यांना दवाखान्यात घेऊन आली. तिथे फॉर्ममधल्या नवव्या प्रश्नाने त्यांना घाम फोडला. 'लघवीला वारंवार जावे लागते का?' थोरला भाऊ हेच दुखणं लपवता लपवता गेला, हे ते विसरले नव्हते. पण शेजारी सून बसलेली! त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं, 'नाही.'

मग 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणत ते उठले. दहा मिनिटांनी पुन्हा पाय मोकळे केले. थोड्या वेळाने आणखी एकदा. सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून फॉर्म मात्र दर वेळी आठवणीने सोबत नेला.

तिसऱ्यांदा परत येऊन ते खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच मागोमाग सफाईवाले मामा आले. "काका, हा तुमचा कागद. बाथरूममध्ये राहिला होता."

हात नम्रताने पुढे केला. फॉर्म वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचला आणि पर्समधून पेन काढलं.

 

"बाबा, हे 'नाही' तुम्ही खोडताय, की मी खोडू?"