आबा बरे आहेत

“‘आबा बरे आहेत. निकालाची वाट बघताहेत.’ एवढंच?” पोस्टमास्तर जैनोद्दीन यांनी तारेच्या फॉर्मवरून नजर वर केली.

“एवढंच,” मथुरा म्हणाली.

जैनोद्दीन सकाळीच तिच्या वडिलांच्या, आबारावांच्या मातीला येऊन गेले होते. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

“बेटी, असली तार म्या पाठवली, तर वर अल्लाला काय जवाब देऊ?”

“माझं नाव सांगा, चाचा.”

तार गेली.

मथुराचा धाकटा भाऊ बलभीम नौदलात होता. शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर समुद्र कापायचा खेळ तो तिथं शिकला. यंदा त्याची जागतिक स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या एका बंदरात होती. फळी आणि शीड गावच्या साखर कारखान्यानं घेऊन दिलं, आणि शिडावर कारखान्याचं नाव रंगवलं.

ओळीनं तिसरं दुष्काळी वर्ष. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत एक सभासद उठून ओरडला होता, “हितं रांजणात थेंब न्हाय अन् कारखाना पाण्यावर पोरं नाचवतोय व्हय?”

“पाणी त्यांचं, वारा बी त्यांचाच. आपलं निस्तं नाव,” चेअरमन नानासाहेब म्हणाले. “ते तरी भिजू द्या की!”

सभा हसली आणि ठराव मंजूर झाला.

आबारावांनी वीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. दोन वर्षांपासून त्यांचं काळीज अधू झालं होतं. स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी मथुराला जवळ बसवून घेतलं.

“सहा दिवस, सहा शर्यती. मधी माझं काय बरंवाईट झालं तर त्याला कळवायचं न्हाय. पोरगं अर्ध्यातनं माघारी आलं, तर जन्मभर लोक त्याला तेच ऐकवतील.”

“असलं काय बोलताय, आबा?”

“व्हय म्हण आधी.”

ती व्हय म्हणाली.

पहिल्या शर्यतीची तार संध्याकाळी आली. गावात तार आली की बाया आधी रडायलाच लागत. पण ही तार मथुरानं रिवाजाप्रमाणं पारावर, सगळ्यांसमोर, इंग्रजीतून मराठी करत वाचली. ‘आठवा आलो. दोनदा पडलो. इथं नुसतं पाणीच पाणी. टँकर पाठवा, भरून देतो.’

आबाराव खोकला येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

“पोटचा पोरगा जिता असताना पुतण्यानं अग्नी द्यायचा?” चुलती भिमाबाई अंगणात सगळ्यांदेखत म्हणाल्या. “शिकून मास्तरीण झालीस म्हणून लई अक्कल आली का गं तुला? बापाचं तोंड बघू देईनास त्याला. उद्या दारात उभा राहिला, तर काय सांगशील?”

“आबांनीच सांगितलं होतं, काकू.”

“मरणाऱ्याचं सगळंच ऐकायचं असतंय का?”

अग्नी चुलतभाऊ व्यंकटनं दिला. घरी येऊन तिनं अंघोळ केली आणि ती पोस्टात गेली.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. ‘दुसऱ्या शर्यतीत सातवा. सगळं ठीक.’

पारावर जायची सोय नव्हती. सुतकात बसलेल्या माणसांपुढं, अंगणातच तिनं ती वाचली. पुढची तार आली, ‘पाचवा. वारा चांगला.’ मग ‘चौथा. काळजी नसावी.’

बलभीमची थट्टा थांबली होती. शर्यती अवघड होत चालल्या असतील, तिला वाटलं. थट्टेला जागा नसेल. त्याला कसलाच संशय आला नाही, यानंच तिला हायसं वाटायचं, आणि रोज दुपारी ती फॉर्म भरायची. ‘आबांना आनंद झाला. उद्याच्या निकालाची वाट बघताहेत.’ एकदा तिनं लिहिलं, ‘आबा आज दोन घास जास्त जेवले.’ त्या दिवशी जैनोद्दीन यांनी तिच्याकडं न बघताच फॉर्म घेतला.

शेवटची तार आली. ‘एकूणात सहावा.’

जगात सहावा! व्यंकटनं सुतकातही टाळी वाजवली आणि लगेच हात मागं घेतले. भिमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “आबा असते तर आज गावभर सांगत फिरले असते,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी मथुराच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी दारात नौदलाची जीप थांबली. पांढऱ्या गणवेशातले बलभीमचे प्रशिक्षक उतरले. मथुरानं जीपमध्ये पाहिलं. आत फक्त ड्रायव्हर होता. बलभीमला सत्कारासाठी कारखान्यावर उतरवून घेतलं असणार. बरंच झालं. तिनं प्रशिक्षकांना फाटकातच गाठलं.

“साहेब, तो यायच्या आत तुम्हाला एक सांगायचंय. आबा गेले. दुसऱ्या शर्यतीच्या दिवशी, पहाटे. मी त्याला कळू दिलं नाही. आता तुम्ही जवळ असलात, तर मला सांगायला धीर येईल.”

प्रशिक्षकांनी टोपी काढली.

“ताई,” ते म्हणाले, “त्याच दुसऱ्या शर्यतीत बलभीम बुडाला. आबांचं काळीज अधू आहे, तार पारावर मोठ्यानं वाचतात, हे त्यानंच सांगितलं होतं. म्हणून वरिष्ठांना म्हटलं, तार करू नका, मी स्वतः जाऊन सांगतो. पण तुमची तार रोज यायची, आबा निकालाची वाट बघताहेत. मग रोज एक निकाल मीच पाठवत गेलो.”