कागदी कान

फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठावरल्या बालवाडीत नियम होता: ज्याच्या हाती कागदी ओठ, त्यानं चित्रं पाहून गोष्ट सांगायची, कागदी कानवाल्यानं गप्प ऐकून शेवटी एकच प्रश्न विचारायचा. जोडीदाराविना उरणाऱ्या टुवासमोर शिक्षिका इंगेबर्गच बसायची, रोज कान घेऊन. टुवाची टकळी थांबायचीच नाही. आज टुवानं कान पटकावला. “रोज मीच बोलते. आज तू बोल!” इंगेबर्गनं पान उलटलं. चित्रात टेबल, दोन कप. “एक बाई दोन कप मांडते. नवरा ईस्टरच्या सणात वारला, पण हाताची सवय जात नाही. रविवारी ती कुणाशी अवाक्षरही बोलत नाही.” टुवाचे ओठ हलले, पण तिनं कान घट्ट धरला, गोष्ट संपू दिली. मग विचारलं, “दुसऱ्या कपात तू कॉफी ओततेस?” इंगेबर्गनं कागदी ओठ तिच्यापुढे धरले. “आता तुझी पाळी.” टुवानं कान सोडला नाही.