पुसा

माझी मुलगी सुलक्षणा जळगावात अ‍ॅपची बटणं आणि रंग ठरवण्याची नोकरी करते. हौस म्हणून तिनं माझ्यासाठी एक अ‍ॅप केलं, त्यात ह्यांचा फोटो आणि ह्यांच्यामागे उरलेला एवढाच आवाज: “अवं, चहा ठेव.” मी साठीनंतर अक्षरं शिकले, म्हणून तिनं शब्द सोपे मराठीच ठेवले. पहूरच्या घरी रोज फोटोवर बोट टेकवून ऐकायचे. काल बोट रेंगाळलं, तर खाली शब्द उमटला: पुसा. आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं. मी विचारलं, “तिकडे चहा भेटतो का?” आणि शब्द दाबला. मोबाइलवर आलं, “नक्की पुसायचं?” मी ‘हो’ दाबलं. फोटो गेला, आवाज गेला. फोनवर सुलक्षणा रडली. “माय, पुसा म्हणजे डिलीट. आवाज दुसरीकडे नव्हता. सगळ्यांना कळतो तो शब्द.” मी म्हटलं, “पोरी, लिह्याच्या आधी तू मले पुसाचं होतं.”