पिंपळझिऱ्याचा ळ

पन्नाशीत मी अक्षरं शिकलो ती पिंपळझिरा स्टेशनच्या काळ्या दगडावर. गँगमन होतो, स्टेशनमास्तर कोरलेल्या नावावरून माझं बोट फिरवायचे. काल अकोल्याच्या ठेकेदारानं त्याच दगडावर संडासात लावतात तसल्या टाइल्स चिकटवल्या आणि वर पाटी ठोकली: पिंपलझिरा. मी पाटीवर बोट ठेवलं. “ळ कुठी गेला, साहेब?” तो खिदळला. “आजोबा, तुम्ही तरी कुठं ळ म्हणता? पिंपयझिराच म्हणता ना!” “तोंडाचं सोडा. दगडावर ळ होता. शंभर वर्षं त्याले पाण्यापावसानं बी पुसलं नाई.” “बरं, इथं सही करा. गावातले सगळ्यात जुने रेल्वेवाले तुम्हीच.” मी कागद वाचला: ‘जुनी दगडी इमारत जशीच्या तशी जपली आहे.’ कागद परत दिला. “सही येत नसेल तर अंगठा द्या.” “सही येते ना बापू. वाचताही येते. म्हणूनच नाई करून राहिलो.”