हँडलवरचा आकडा

चार गल्ल्यांना वेढे घालणारी सायकल शर्यत निम्मी झाली आणि धाकटीचा जीव मेटाकुटीला आला. वळण आलं की ब्रेक, वळण संपलं की पुन्हा उठून पायडल हाणायचं. छाती फुटायची वेळ आली होती, पण हँडलवरचा छोटा पडदा हृदयाचे ठोके दाखवत होता एकशे तीस. म्हणजे जिना चढल्याइतके! तिला स्वतःचाच राग आला. आपण नाटकं करतोय की काय? तिने दात आवळून आणखी जोर लावला. आकडा ढिम्म हलला नाही.

तिच्या पुढ्यात वारा अंगावर घेत थोरली बहीण चालली होती. आघाडीचा घोळका दोघींच्याही हातून निसटत होता, तरी थोरलीचा श्वास अगदी संथ. ते पाहिलं आणि धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. ठोके मोजणारे छातीचे पट्टे सकाळच्या घाईत अदलाबदल झाले होते.

“ताई, माझ्या पडद्यावर तुझे ठोके आहेत!”

“माहितीये. तुझे माझ्याकडे दिसतायत. म्हणून तर हळू चाललेय.”

“वेडी आहेस का? जा तू!”

“आणि तू?”

“मी येते गं मागून. जा ना!”

थोरली सीटवरून उठली. धाकटीच्या पडद्यावर आकडा चढू लागला. दीडशे. एकशे सत्तर. एकशे ऐंशी.

“अजून, ताई, अजून!” धाकटी उरल्यासुरल्या श्वासाने ओरडत राहिली.

पुढच्या वळणावर आकडा गेला आणि पडद्यावर नुसत्या रेघा उरल्या. ताई सिग्नलच्या टप्प्याबाहेर गेली होती.