बाहुल्यापुढचं रडणं

सून रडेना. एवढंसं काम, तेही हिच्याने धड होईना. समोर नवऱ्याचं बाहुलं बसवलेलं, अंगात त्याचाच कोट, डोक्यावर त्याचीच टोपी, आणि ही बया ओठ दाबून हसतेय!

"रड की गं भवाने," कलिपा दातओठ खात म्हणाली. "अंमलदार नदी उतरलाय."

"आई, जित्या माणसावर कसं रडू?"

झारच्या फौजेला खंदक खणायला माणसं हवी होती. यादीत कलिपाच्या थोरल्याचं, आबिलचं नाव होतं. म्हणून घरच्यांनी तो घोड्यावरून पडून मेला असं उठवलं, मेलेल्याचे कपडे घालून घरात बाहुलं बसवतात तसं त्याचं बाहुलं केलं आणि त्याला गुपचूप खिंडीपलीकडे चीनला धाडलं. खोटं उघडं पडलं तर धाकट्याला नेणार, तंबू जाळणार. वरच्या वस्तीतले तीन तंबू असेच जळले होते.

सुनेला, कनिशायला सातवा महिना होता, म्हणून कलिपा तिला जपत होती. पण चार दिवसांपूर्वी कलिपाचा भाऊ खिंडीकडून आला, चहाही न घेता गेला, आणि तेव्हापासून म्हातारी नुसती चिडचिड करत होती.

टापा वाजल्या. अंमलदार आत आला, मागून दुभाष्या आणि शिपाई. अंमलदाराने बाहुल्याला चाबकाने ढोसलं. मग सुनेचे कोरडे डोळे पाहिले.

"ही विधवा?" दुभाष्याने विचारलं.

कनिशायच्या डोळ्यांत टिपूस येईना. शिपायाने धाकट्याची मानगूट धरली.

तेव्हा कलिपाने डोक्यावरचं फडकं ओढून टाकलं, गालांवर नखं ओढली आणि हंबरडा फोडला. "कड्यावर घोडा घसरला रे! मनगटाला गुंडाळलेला लगाम, तोही तुटला रे माझ्या वाघा!"

दुभाष्याने मान खाली घातली. अंमलदाराने नाव खोडलं.

टापा लांब गेल्या. कनिशाय धपकन बसली आणि हसत सुटली. "काय सोंग वठवलंत हो आई! तो लगाम तर अगदी डोळ्यांपुढे उभा केलात."

कलिपा बाहुल्याजवळ गेली. कोटाच्या आतून तिने तुटका लगाम काढला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला. त्यावरची लाल दोऱ्याची वीण कनिशायच्याच हातची होती.

"सोंगं मला येत नाहीत, पोरी," कलिपा म्हणाली. "चार दिवस तुझ्या वाटचंही मीच रडले. आता तुझं तू रड."